तळटीप मी वाचली होती

अठ्ठावीस वर्षं मी रविवारी कामाला गेलो. माझी सुटी सोमवारी. त्यामुळे नात्यातल्या बहुतेक साखरपुड्यांना आणि वास्तुशांतींना मी पंगती उठल्यावर पोचलो, आणि सोमवारी घरी असायचो तेव्हा घरात दुसरं कुणी नसायचं. हे तक्रार म्हणून सांगत नाही. नोकरी कायम होती, आणि मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात कायम नोकरीला मान आहे.

शहापूरच्या एका कॉलेजात मी लिपिक होतो. तिथं दूरशिक्षणाचं अभ्यासकेंद्र होतं आणि ते पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होतं. नोकरी, शेती, पोरंबाळं सांभाळून ज्यांना पदवी घ्यायची ते आमचे विद्यार्थी. पुस्तकं घरी न्यायची, रविवारी तासांना यायचं, आणि मे-डिसेंबर अशी वर्षातून दोनदा परीक्षा. वयाची अट नाही. बाप आणि लेक एकाच वर्गात बसलेले मी पाहिलेत. मला सगळे ‘सर’ म्हणत. मी कुणाला काही शिकवत नव्हतो, खिडकीत बसत होतो. पण शिकवणारे दर रविवारी बदलत आणि खिडकीतला माणूस तोच असे, म्हणून ते ‘सर’ मला चिकटलं. मलाही ते आवडत होतं. खोटं कशाला बोलू?

बाहेरच्याला वाटतं, माणूस नापास होतो तो परीक्षेच्या हॉलमध्ये. मी खिडकीतून पाहिलेली बरीचशी माणसं जून महिन्यातच नापास झालेली असत, प्रवेशअर्जाच्या दुसऱ्या पानावर, जिथं विषयांचे कोड लिहायचे असतात. पदवीला चोवीस पेपर. पण कुठलेही चोवीस चालत नाहीत. काही सगळ्यांना सक्तीचे, काही मुख्य विषयाचे, काही यादीतून निवडायचे. दुसऱ्या वर्षाचा एखादा पेपर घ्यायचा तर पहिल्या वर्षाचा त्याच्या आधीचा सुटलेला हवा. त्यातून परीक्षेच्या वेळापत्रकात दोन पेपर एकाच सकाळी आले, की एक सोडावा लागतो आणि सहा महिने जातात. आणि हे सगळं शेतावरून थेट आलेल्या माणसाने, मागे रांग उभी असताना, दहा मिनिटांत ठरवायचं.

म्हणून मी प्रत्येकाला कोऱ्या कागदावर तीन वर्षांची आखणी करून द्यायला लागलो. कुठल्या वर्षी कुठला पेपर, कुठली परीक्षा मे महिन्यात आणि कुठली डिसेंबरात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. जुनी वेळापत्रकं मी फाइलला लावून ठेवत असे, त्यावरून कुठले पेपर एकमेकांवर आदळतात ते मला पाठ झालं होतं. विद्यार्थी त्या कागदाला ‘पत्रिका’ म्हणायचे. “सरांनी माझी पत्रिका काढली,” असं एकमेकांना सांगायचे.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हेची! कसाऱ्याचे रेल्वेतले एक ट्रॅकमन होते. ते विषय पुस्तकाच्या वजनावर निवडत. खिडकीतून हात आत घालून दोन पुस्तकं दोन तळव्यांवर धरायची आणि म्हणायचं, “हा हलका हाय, हाच लिवा.” अशा रीतीने त्यांनी तत्त्वज्ञान घेतलं. ते पुस्तक तीन भागांतलं पहिलं होतं. उरलेले दोन दिवाळीनंतर आले, तेव्हा तिन्ही पिशवीत घालून ते खिडकीवर आदळले. “सर, फसवलंत मला.” तिसऱ्या खेपेला ते सुटले. पुढे भेटले तेव्हा सांगत होते, “आता गँगमधी कोन तापला का मी त्याला सांख्य सांगतो, गपच बसतो.”

भातसानगरचे एक गृहस्थ धरणाच्या गेटवर होते. चोवीसपैकी तेवीस पेपर सुटलेले. चोविसाव्याचा अर्ज दर वेळी भरायचे आणि परीक्षेला यायचे नाहीत. शेवटी मी विचारलं तर म्हणाले, “सर, डिग्री भेटली का रविवारी घरी बसायला लागंल नं.” मी निवृत्त झालो तेव्हाही त्यांचे तेवीसच होते.

अशा गोष्टी मी कार्यक्रमांत सांगतो आणि लोक हसतात. या अंकाच्या संपादकांनाही तशाच हव्या होत्या. पण मला सांगायची आहे ती वेगळी. ती सांगितल्याशिवाय मी माझ्या नोकरीबद्दल काही लिहिलं, तर ते निरोपसमारंभातल्या भाषणासारखं होईल.

सुगंधाताई डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका. जीप जिथं सोडते तिथून पाऊण तास चालायचं. जूनमधल्या एका रविवारी त्या खिडकीवर आल्या, छत्री मिटून कोपऱ्यात उभी केली आणि रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. सगळे गेल्यावर पुढे आल्या.

“सर, मला बारावीनंतरचं करायचं हाय. पन एक वरीस बी फुकट जायला नको.”

“कुणाचंच जाऊ नये ताई.”

“तसं नाय. माझं मोजलेलं हाय.”

मग त्यांनी सांगितलं. मुख्यसेविका म्हणजे पंचवीस-तीस अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. सेविकेला नुसतं मानधन मिळतं, मुख्यसेविका ही पेन्शनची सरकारी नोकरी. सेविकांमधूनच काही जागा भरतात, पण त्याला पदवी लागते आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला पंचेचाळीस पूर्ण झालेली चालत नाहीत. जाहिरात चार-पाच वर्षांतून एकदा येते. सुगंधाताई तेव्हा एक्केचाळीसच्या. चौथ्या दिवाळीला त्यांना पंचेचाळीस पूर्ण होणार होती.

“जाहिरात कवा येल ते कोनाला ठावं नाय,” त्या म्हणाल्या. “पन आली का माझ्या हातात डिग्री पायजे. आमच्या पाड्यावर मुख्यसेविका कदी येतच नाय. जीपपासून चालायला लागतं म्हनून. मी झाले तर मी जाईन, सगल्या पाड्यांवर.”

तीन वर्षांची पदवी आणि हातात सव्वातीन वर्षं. मी त्यांची पत्रिका काढायला दोन रविवार घेतले. जुनी वेळापत्रकं समोर ठेवली. राज्यशास्त्राचा दुसरा पेपर आणि समाजशास्त्राचा पहिला कायम एकाच सकाळी येत होते, म्हणून समाजशास्त्र तिसऱ्या वर्षात ढकललं. अंगणवाडीच्या सर्वेक्षणाच्या आठवड्यात येणारा एक पेपर डिसेंबरात नेला. त्यांची तुकडी नव्या अभ्यासक्रमाची पहिलीच होती. त्यात तिसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिक असलेला एक कौशल्याचा पेपर सक्तीचा होता. तिथं मी ‘संगणक परिचय’ लिहिलं. कागद दिला तेव्हा त्यांनी तो उभ्या-उभ्या वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घालून पोलक्यात ठेवला आणि म्हणाल्या, “हे जमंल.”

आणि जमत गेलं. पहिल्या वर्षी इंग्रजी राहिलं, तेवढंच. ते डिसेंबरात परत द्यायचं, तर परीक्षेच्या रविवारीच पोलिओचा डोस निघाला. पेपर दुपारी दोनला. सुगंधाताईंनी पहाटेपासून दोन पाडे पायी करून पोरांना थेंब पाजले, अकराच्या जीपला लटकल्या आणि पावणेदोनला हॉलच्या दारात हजर झाल्या. डोस दिलेल्या पोराच्या करंगळीला शाई लावतात, ती शाई त्यांच्या दोन्ही तळव्यांना लागलेली. पर्यवेक्षक नवखे होते. हातावर कॉपी लिहून आणली म्हणून ते त्यांना आत सोडेनात. मी धावत गेलो.

“अहो, त्या सेविका आहेत. पोलिओची शाई आहे ती.”

“मग धुवून या म्हणावं.”

ती शाई धुवून जात नाही, हे त्यांना कोण सांगणार? सुगंधाताई नळावर गेल्या, वाळूने हात घासले, लाल झालेले तळवे पर्यवेक्षकांपुढे धरले. ते बाजूला झाले. इंग्रजीत त्रेचाळीस गुण पडले. निकाल बघायला आल्या तेव्हा माझ्या टेबलावर त्यांनी परसातल्या वालाच्या शेंगांची पिशवी ठेवली, आणि मी ती घरी नेली. त्या दिवशी मला माझ्या कामाचा जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता.

आता तिसऱ्या वर्षाचं सांगतो.

आमच्या केंद्राला एक संयोजक होते. कॉलेजातलेच प्राध्यापक. त्यांचं नाव घेत नाही, ते हयात आहेत आणि आम्ही एकमेकांच्या घरच्या कार्यांना जातो. माणूस वाईट नाही, फक्त कटकट नको असणारा. संगणक परिचयाचा पेपर चालवायचा तर कॉलेजची संगणक प्रयोगशाळा रविवारी मोकळी हवी. ती रविवारी एका खासगी क्लासला दिलेली होती. शिवाय शिकवणारा माणूस नेमायचा, प्रात्यक्षिक घेणाऱ्या परीक्षकासाठी विद्यापीठाला प्रस्ताव पाठवायचा. आणि त्या वर्षी हा पेपर घेणारे होते अकरा जण.

जूनमध्ये विद्यापीठाचं परिपत्रक आलं. त्यात कौशल्याच्या पेपरांची यादी, आणि यादीच्या शेवटी, प्रात्यक्षिकाची सोय नसलेल्या केंद्रांना ‘ग्रामीण विकास’ हा लेखी पेपर पर्याय म्हणून देता येईल, असं वाक्य. वाक्यावर फुली. फुलीची तळटीप पान उलटल्यावर, बारीक अक्षरांत : हा पर्याय फक्त जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना.

मी ते परिपत्रक घेऊन संयोजकांच्या खोलीत गेलो.

“सर, आपले अकराही नव्या अभ्यासक्रमाचे आहेत. त्यांना हा पर्याय नाही.”

त्यांनी पान उलटून बघितलं. चष्मा वर केला, खाली केला.

“विशे, अशा तळटिपा दर वर्षी असतात. अकरा जणांसाठी लॅब रिकामी करून कोण देणार? ग्रामीण विकासचा कोड लिहा. संगणकाने घेतला तर घेतला, नाही घेतला तर बघू.”

“मागाहून अडलं तर?”

“तर बघू म्हणतोय ना.”

मी खिडकीत परत आलो. अर्ज भरताना संगणकाने कोड घेतला. तो जूनमध्ये काहीही घेतो. सुगंधाताईंनी आपली पत्रिका काढून समोर धरली.

“सर, इथं तर संगणक लिवलाय.”

“तो या वर्षी आपल्याकडे चालणार नाही ताई. त्याच्याऐवजी हा घेऊ.”

“चालतंय नं पन?”

मागे रांग होती. “चालतंय,” मी म्हणालो. त्यांच्या कागदावरचं संगणक परिचय मीच पेनने खोडलं आणि वर ग्रामीण विकास लिहिलं. अर्जाच्या तळाशी छापलेलं असतं, ‘वरील विषय मी माहितीपत्रक वाचून स्वतः निवडले आहेत’. त्याखाली मी बोट ठेवलं आणि त्यांनी सही केली.

मे महिन्यात पेपर झाले. ग्रामीण विकासात त्यांना एकाहत्तर गुण पडले. केंद्रात सगळ्यांत जास्त. जुलैच्या अखेरीस अंतिम गुणपत्रिकांचा गठ्ठा आला आणि तो सोडून मी एकेक बघू लागलो. सुगंधाताईंचे सगळे पेपर उत्तीर्ण. खाली निकालाच्या रकान्यात लिहिलेलं होतं : अपूर्ण. बाकीच्या दहांचंही तेच. मी तो गठ्ठा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि बाहेर जाऊन चहा प्यायलो. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये मुख्यसेविकांची जाहिरात आली. अर्जाची मुदत सप्टेंबरअखेर. दिवाळी नोव्हेंबरात होती. म्हणजे इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वेळेत आलं होतं, आणि त्यांच्या हातात ‘अपूर्ण’ लिहिलेला कागद होता.

गुणपत्रिका दिली तेव्हा सुगंधाताई रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. “आता कोनाला भेटायचं ते सांगा,” एवढंच म्हणाल्या. मी रजा टाकली, त्या आसनगाव स्टेशनवर आल्या, आणि आम्ही विद्यापीठाच्या विभागीय कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकारी बाई चांगल्या होत्या. त्यांनी परिपत्रक काढलं, पान उलटलं आणि तळटिपेवर पेन्सिल टेकवली.

“हे तुमच्या केंद्रात कुणी वाचलं नाही का?”

सुगंधाताई माझ्याकडे बघत होत्या.

“नजरेतून सुटलं,” मी म्हणालो.

बाईंनी थोडा विचार केला. “हे बघा, चूक केंद्राची आहे, विद्यार्थिनीची नाही, असं केंद्राने लेखी दिलं तर मी समितीपुढे ठेवते. अशा वेळी खास परीक्षा घेतात. पंधरा दिवसांत प्रात्यक्षिक, लगेच लेखी. मुदतीच्या आत निकाल देता येईल. पण पत्रात स्पष्ट हवं. मोघम चालणार नाही.”

परतीच्या गाडीत सुगंधाताईंनी पिशवीतून भाकरी काढली आणि अर्धी मला दिली. “बाई भली होती,” त्या म्हणाल्या. “एका पत्राचंच काम हाय तर.”

दुसऱ्या दिवशी मी संयोजकांपुढे बसलो. सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

“विशे, दोन महिन्यांनी केंद्राच्या मान्यतेचं नूतनीकरण आहे. आपण लेखी कबूल करायचं की आपण अकरा जणांना चुकीचा विषय दिला? केंद्र बंद होईल. मग बाकीच्या पाचशेंचं काय?”

“सर, त्या बाईंचं वय निघून जाईल.”

“आणि अर्जावर कोड कुणाच्या अक्षरात आहे?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी मऊ होता. “चौकशी लागली तर ती कुणावर लागेल? तुमचं किती राहिलंय, दीड वर्षं ना?”

दीड वर्षं राहिलं होतं. आमच्याच कॉलेजातल्या एका रोखपालाचं निवृत्तिवेतन चौकशीपायी अडकलं होतं. तो मनुष्य रोज कॉलेजच्या व्हरांड्यात येऊन बसायचा. त्याचा शर्ट दिवसेंदिवस कसा विरत गेला ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं.

संयोजकांनी पत्र तोंडी सांगितलं आणि मी ते टाइप केलं. ‘सदर विद्यार्थिनीने उपलब्ध पर्यायांतून सदर विषयाची निवड स्वतः केली असून तशी स्वाक्षरी अर्जावर आहे. तरी विशेष बाब म्हणून सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.’ सहानुभूतीचा शब्द मी माझ्या मनाने घातला. तेवढंच माझं शौर्य. संयोजकांनी सही केली, मी जावक क्रमांक टाकला आणि पत्र रवाना झालं.

समितीने नाकारलं. केंद्राची चूक नसल्याने खास परीक्षेचं कारण नाही, असा शेरा मारला. शेऱ्याबरोबर आमच्या पत्राची प्रत विद्यार्थिनीला माहितीसाठी टपालाने गेली. हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत शेकडो पत्रं पाठवली, पण प्रत कुणाला जाते ते कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सुगंधाताई आल्या. ते पत्र त्यांनी खिडकीच्या फळीवर पसरलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

“सर, यात लिवलंय विषय मी स्वतः निवडला. मी कवा निवडला?”

“ते... सगळ्यांच्याच अर्जावर छापलेलं असतं ताई.”

“अर्जाचं नाय बोलत मी. या पत्राचं बोलते.”

त्यांनी पत्राची घडी घातली. बराच वेळ त्या घडीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

“डिसेंबरचा फॉर्म द्या,” त्या म्हणाल्या.

डिसेंबरच्या परीक्षेसाठी संगणक प्रयोगशाळा मिळाली. हे मला लिहायलाच हवं. संयोजक प्राचार्यांशी एकदा बोलले, खासगी क्लासला चार रविवार दुसरीकडे बसवलं, आमच्याच कॉलेजातला एक तरुण शिक्षक शिकवायला तयार झाला. दोन दिवसांचं काम होतं. ज्या गोष्टीपायी एका बाईचं सगळं गेलं ती दोन दिवसांत, दोन फोनांवर झाली.

सुगंधाताईंनी आयुष्यात माऊस धरला नव्हता. पहिल्या रविवारी त्यांचा हात इतका घट्ट दाबला जायचा की पडद्यावरचा बाण उड्या मारायचा. चौथ्या रविवारी त्या बाकीच्या दहांना तक्ता कसा करायचा ते दाखवत होत्या. सुटल्या. पदवी मिळाली. तोवर दिवाळी होऊन गेली होती. पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला त्या खिडकीवर आल्या, नोंदवहीत सही केली. सही करायच्या आधी त्यांनी वहीच्या पानावरचं छापील सगळं वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्या वेळी त्यांच्या पिशवीत वालाच्या शेंगा नव्हत्या, आणि त्या आहेत का ते मी बघत होतो, याची मला आजही लाज वाटते.

बाकीच्या दहा जणांचे सहा महिने गेले. त्यांनी कुरकुर केली आणि विसरले.

मी निवृत्त झालो. शाल, नारळ, घड्याळ. संयोजकांनी भाषण केलं. म्हणाले, “विशेंच्या हातून एवढ्या वर्षांत एकही कोड चुकला नाही.” टाळ्या झाल्या. आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. कोड मी चुकवला नव्हता. काय लिहितोय ते कळून लिहिला होता. निवृत्तिवेतन पुढच्याच महिन्यात सुरू झालं, कुठं अडलं नाही.

वर्षभर मी घरी बसलो. रविवारी घरी असायची सवय लागायलाच सहा महिने गेले. मग एका सकाळी मी मोटारसायकल काढली, किन्हवलीवरून डोळखांबला गेलो, पुढे जीपच्या थांब्यावर गाडी लावली आणि पाऊण तास चाललो. सुगंधाताईंनी तो रस्ता तीन वर्षं दर रविवारी तुडवला होता. मी दोनदा बसलो.

अंगणवाडी एका खोलीची. भिंतीवर फळं, पक्षी, अंक. पंधरा-वीस पोरं ताटल्या घेऊन बसलेली आणि सुगंधाताई खिचडी वाढत होत्या. मला बघून त्या थबकल्या, मग पोरांना म्हणाल्या, “सर आलेत, नमस्ते करा.” पोरांनी केलं. मला पत्र्याची खुर्ची दिली.

“कुठं इकडं?”

“तुम्हालाच भेटायला.”

त्यांनी वाढणं संपवलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, नवीन मुख्यसेविका आली आहे, पोरगी चांगली आहे, पण मोबाइलमध्ये माहिती भरायचं तिला जमत नाही. “मीच भरून देते. संगनक शिकलेली हाय नं मी.” त्या हसल्या नाहीत. पाड्यावर ती एकदाच आली होती.

मग मी सांगितलं. सगळं. परिपत्रक जूनमध्येच वाचलं होतं, तळटीप वाचली होती, चालत नाही हे माहीत असून चालतंय म्हणालो होतो. त्या कार्यालयात बाईंनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो. आणि ते पत्र मी टाइप केलं होतं. अडीच वर्षं मनात जुळवून ठेवलेली वाक्यं होती, ती पाच मिनिटांत संपली. एका पोराच्या ताटलीतली खिचडी सांडली होती. बोलणं चालू असताना सुगंधाताई ती वेचत होत्या.

“मंग तवा का नाय बोललात?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मला वाटलं, निदान आता तरी खरं बोलावं.

“पेन्शन अडकली असती, ताई.”

त्या उठल्या, वेचलेली खिचडी बाहेर कोंबड्यांना टाकून आल्या, हात पुसले आणि दारातच उभ्या राहिल्या.

“त्यात माझी बी पेन्शन होती, सर.”

मग त्यांनी वजनकाटा आढ्याच्या कडीला अडकवला, पहिल्या पोराला झोळीत बसवलं आणि वहीत त्याचं नाव शोधायला लागल्या.